हातालाही शाळा हवी

उन्हाळा सरत आला की आपल्या देशातील लक्षावधी घरांत एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय?" दहावीचा निकाल हाती असतो, शेजारच्या मुलाचे गुण तोंडपाठ झालेले असतात आणि काका-मामांचा सल्ला सुरू होतो. घर इंदूरचे असो, हैदराबादचे असो की नागपूरचे, सल्ल्याचा क्रम सहसा बदलत नाही. गुण चांगले असतील तर विज्ञान, बरे असतील तर वाणिज्य, बेताचे असतील तर कला. आणि ज्याला यांतील काहीच झेपण्यासारखे दिसत नाही त्याने एखादे हातकाम शिकावे! वाचकहो, या उतरंडीत हाताचे काम तळाशी जाऊन का बसले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आपल्या मुलामुलींना पुढील पन्नास वर्षे जगात वावरावयाचे असल्याने तो विचारणे अगत्याचे झाले आहे.

याची मुळे जुनी आहेत. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आरंभी ही विद्यापीठे स्वतः शिकवीत नसत. ती परीक्षा घेत. महाविद्यालये संलग्न करावयाची, प्रश्नपत्रिका काढावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या, असा त्यांचा कारभार असे. साहजिकच हायस्कुले मॅट्रिकच्या परीक्षेकडे डोळे लावून शिकवू लागली आणि मॅट्रिक झालेला मुलगा कचेरीतील खुर्चीकडे डोळे लावून शिकू लागला. त्या काळी हा व्यवहार फायद्याचा होता, म्हणूनच तो टिकला. पुढे कचेऱ्या बदलल्या, खुर्च्या अपुऱ्या पडू लागल्या, पण परीक्षेची ती पकड सैल झाली नाही.

ती सैल करण्याचा धाडसी प्रयत्न वर्ध्यास झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे, ते मातृभाषेतून द्यावे, एखादा उत्पादक हस्तोद्योग त्याच्या केंद्रस्थानी असावा आणि त्या उद्योगातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, असे ठराव तेथे संमत झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला. कल्पना अशी की, मुलाने सूत कातावे एवढेच नव्हे, तर कातताना तारा मोजाव्यात, सुताचा नंबर काढावा, कापूस कोणत्या मातीत पिकतो ते पाहावे, आणि विणकराची दैन्यावस्था कशी ओढवली याचा इतिहासही तेथूनच समजून घ्यावा. हात आणि बुद्धी यांना एकाच बाकावर बसविण्याची ही योजना होती.

मग ती मावळली का? माझ्या मते एक कारण शाळेत होते आणि एक घरात. सुतातून गणित आणि इतिहास उलगडून दाखविणारा शिक्षक घडविणे हे पाठ्यपुस्तक वाचून दाखविणारा शिक्षक घडविण्याहून फार कठीण काम होते. असे शिक्षक पुरेसे घडले नाहीत. अनेक ठिकाणी टकली फिरत राहिली आणि गणित फळ्यावरच राहिले. घरातील कारण अधिक बोचरे आहे. आमच्या मुलांनी कातावे आणि साहेबांच्या मुलांनी इंग्रजी शिकावे काय, असे पालक म्हणू लागले. त्यांचे चुकत होते असेही म्हणवत नाही, कारण महाविद्यालयाच्या दारावर मॅट्रिकचेच गुण पाहिले जात होते. दारावरचा पहारेकरी बदलला नाही आणि आतली वाट मात्र बदलली, तर शहाणा माणूस जुनीच वाट धरणार.

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने तोच विचार नव्या शब्दांत मांडला आणि 'कार्यानुभव' हा शब्द आपल्या शाळांत आला. त्याचे पुढे काय झाले, हे वाचकांनी आपापल्या घरी आठवून पाहावे. कितीतरी घरांत कार्यानुभवाची वस्तू आदल्या रात्री आई करून देते आणि दुसऱ्या दिवशी मुलाला त्याचे गुण मिळतात! अनुभव आईला आणि श्रेय मुलाला, अशी ही वाटणी आहे.

येथे भाषांतरकाराच्या टेबलावरील एक निरीक्षण नोंदवितो. डॉक्टर, वकील घडविणारे शिक्षण वेगळे आणि गवंडी, फिटर घडविणारे वेगळे, असे इंग्रजीत दोन निराळे शब्द आहेत. मराठीत दोहोंनाही आपण सर्रास 'व्यावसायिक शिक्षण' म्हणतो. अहवालांचे भाषांतर करताना यामुळे पंचाईत होते खरी, पण कधीकधी वाटते की या एका बाबतीत आपली भाषा समाजाच्या पुढे आहे. तिला डॉक्टर आणि फिटर एकाच पंगतीस बसविता येतात.

सरकारी संकल्पांची वाण आपल्याकडे नाही. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळावेत, असे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरविले होते. आता 'असर' या पाहणीतील आकडा पाहा. २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी झाली. त्यांत कोणतेही व्यवसाय प्रशिक्षण घेत असलेले केवळ ५.६ टक्के आढळले. ही दोन मापे एकसारखी नाहीत हे मान्य. तरी अंतर किती राहिले आहे ते यावरून दिसते. त्याच पाहणीत याहून गंभीर गोष्ट आढळली. या वयाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याला स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या इयत्तेचा उतारा अस्खलित वाचता येत नव्हता आणि निम्म्याहून अधिकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नव्हते. स्मार्टफोन मात्र दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या घरी होता व तो त्यांना वापरता येत होता.

म्हणून 'भविष्यातील कौशल्ये' असे शब्द कानावर आले की मी थोडा सावध होतो. एके काळी मॅट्रिक झाल्यावर टंकलेखन आणि लघुलेखन शिकणे म्हणजे भाकरीची हमी समजली जाई. गल्लोगल्ली त्यांचे वर्ग होते. संगणक आला आणि ती हमी सरली. ज्यांची बोटे तेवढी तयार होती ते मागे पडले. ज्यांचे शुद्धलेखन पक्के होते, ज्यांना पत्राचा मसुदा समजत होता, त्यांना नव्या यंत्रावर सरावणे सोपे गेले. आज यंत्र आमच्या टेबलाशीही येऊन बसले आहे. पानभर मजकुराचे भाषांतर ते क्षणात करून देते. त्यातील कोणते वाक्य खरे आणि कोणते नुसतेच गुळगुळीत, हे ओळखणे अजून माणसाकडे आहे, आणि ते ओळखण्यासाठी दोन्ही भाषा जुन्याच पद्धतीने, कष्टानेच शिकाव्या लागतात. तेव्हा आज जे यंत्र किंवा जी संगणकी भाषा जोरात आहे ती शाळेत घुसविली म्हणजे मुले भविष्यासाठी तयार झाली, असे समजण्यात अर्थ नाही.

तयार करणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे आपल्याच देशात घडली आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. तेथे मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, शेतातली पाने आणि कीटक गोळा करून आणीत, आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत. सर्वांत धीट गोष्ट म्हणजे परीक्षेला पुस्तक घेऊन बसण्याची मुभा होती! पुस्तकात उत्तर सापडणारच नसेल, तर ते उघडे ठेवले काय आणि मिटले काय! पाहता पाहता हा उपक्रम सुमारे हजार शाळांत पोहोचला. २००२ साली शासनाने तो बंद केला, ही त्याची दुःखद अखेर.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट; हिंदुस्तान लिव्हरमध्ये त्यांनी संशोधन केले. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली खेड्यातील मुले तेथे राहतात आणि काम करता करता शिकतात. आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला त्याचे चार भाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवड्यातून एक दिवस आठवी ते दहावीची मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी शिकतात, माती तपासतात, रक्तातील हिमोग्लोबिन पाहतात. शिकण्यासाठी खोटी वस्तू करावयाची नाही, गावाला खरोखर लागणारे काम करावयाचे, हे येथील वैशिष्ट्य. फाटकाची बिजागरी वाकडी बसली तर फाटक लागत नाही; तेथे गुणपत्रिकेची रदबदली चालत नाही. मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाकघरातील आहारशास्त्र शिकतात, हा फायदा तर मी वेगळाच धरतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम करू द्यावे, असे सुचविले आहे. हे दहा दिवस सहलीत घालवावयाचे की सुताराच्या रंध्याशी, हे मोठ्या प्रमाणात मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या आग्रहावर अवलंबून राहील. आपल्या पाल्याच्या शाळेत पालकसभा भरेल तेव्हा ते दिवस कोठे आणि कोणाकडे घालविले, हे अवश्य विचारा. पालकांतच कोणी गवंडी, शिंपी, परिचारिका, मोटार दुरुस्त करणारे किंवा शेतकरी असतील, तर त्यांना वर्गावर बोलवावे, असे शाळेला सुचवा. आणि ज्या घरी यंदा दहावीचा निकाल लागला आहे, त्यांनी अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस काढून मुलाला, आणि मुलीलाही, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत न्यावे. कार्यशाळा चालू असताना जावे. कोणत्या यंत्रापाशी त्याचे पाय थबकतात आणि तेथील शिक्षकाला ते काय विचारते, ते जरा दूर उभे राहून पाहावे.