पाण्याचा हिशेब ठेवणारं गाव
दोस्तांनो, घरखर्चाची वही घरोघरी असते; पण पाण्याचा जमाखर्च मांडणारं गाव ठाऊक आहे? अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगरजवळचं हिवरे बाजार! १९७२च्या दुष्काळानंतर इथली माणसं पोटासाठी गाव सोडून गेली. १९८९ साली एम.कॉम. झालेले तरुण पोपटराव पवार सरपंच झाले. मग श्रमदानातून डोंगरउतारावर चर खणले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. पण खरी गंमत पुढेच! दरवर्षी पाऊस मोजायचा अन् ग्रामसभेत पिकं ठरवायची. आधी प्यायचं पाणी, मग गुरांचं, उरेल ते शेताला. ऊस नको म्हणायचा, तोही साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात! शेतीसाठी बोअरलाही बंदी. एकाने खोल बोअर घेतली, की शेजाऱ्याची विहीर आटते ना! विहिरींना पाणी आलं, तशी गेलेली कितीतरी कुटुंबं गावी परतली.