शीतन पंखा, संगणकाचा
संगणकाच्या पेटीत निर्माण होणारी उष्णता हवेच्या प्रवाहाने बाहेर काढणाऱ्या लहान विद्युत् पंख्यास ‘शीतन पंखा’ म्हणतात. डेस्कटॉप संगणकात असे पंखे सूक्ष्मप्रक्रियकावर, एसएमपीएस या वीजपुरवठा एककात, ग्राफिक्स कार्डावर आणि पेटीच्या पुढील व मागील बाजूंस बसविलेले असतात. बहुतेक पंखे १२ व्होल्टच्या एकदिश विद्युत् प्रवाहावर चालतात व सामान्यतः थोडे वॉटच वीज घेतात. पंख्याची निवड करताना पुरेशी हवा व कमी आवाज या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. केवळ छापील डेसिबेलचा आकडा पाहून केलेली निवड फसवी ठरते. आवश्यक तेवढी हवा देत असताना पंखा किती आवाज करतो, हीच खरी कसोटी होय.

इतिहास : १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकात पंखा फक्त वीजपुरवठा एककात होता. ॲपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकात पंखा मुळीच नव्हता. १९८७ च्या मॅकिंटॉश एसई या प्रतिमानात मात्र तो बसविण्यात आला. १९९३ मधील इंटेलचा पहिला पेंटियम सूक्ष्मप्रक्रियक सु. १५ वॉट उष्णता निर्माण करीत असे व त्यानंतर सूक्ष्मप्रक्रियकावर स्वतंत्र पंखा बसविण्याची पद्धत रूढ झाली. सध्या नेहमीच्या वापरातील अनेक सूक्ष्मप्रक्रियकांसाठी ६५ वॉट, तर अधिक शक्तिशाली प्रकारांसाठी २०० वॉटपेक्षाही जास्त उष्णता काढून टाकण्याची सोय करावी लागते.

उष्णता व हवेचा प्रवाह : पेटीतून किती हवा खेळवावी लागेल, हे निर्माण होणारी उष्णता आणि बाहेरच्या हवेच्या तुलनेत पेटीतील हवेची चालू शकणारी तापमानवाढ यांवर अवलंबून असते. तापमानवाढ निम्मीच चालणार असेल, तर दुप्पट हवा लागते. त्यामुळे थंड प्रदेशातील चाचण्यांचे निष्कर्ष उष्ण प्रदेशात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील, तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले उमरठ हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात समुद्रावरचा वारा कमी पोहोचतो आणि उन्हाळ्यात दुपारी उकाडा तीव्र असतो. समजा, संगणक २०० वॉट उष्णता निर्माण करतो व पेटीतील हवा ४५° से.च्या वर जाऊ द्यावयाची नाही. खोलीचे तापमान २२° से. असल्यास २३° से. वाढ चालते व ताशी सु. २७ घन मी. हवा पुरते. खोली ३६° से.पर्यंत तापली, तर केवळ ९° से. वाढ चालते आणि ताशी सु. ६९ घन मी. हवा लागते. म्हणजेच पंख्याने अडीच पट काम केले पाहिजे. हवा कमी पडल्यास आधुनिक सूक्ष्मप्रक्रियक आपले तापमान सु. ९५° ते १००° से.च्या मर्यादेस पोचताच स्वतःचा वेग घटवितो व संगणक मंद चालू लागतो. सततच्या उष्णतेने इतर भागांचे आयुष्यही कमी होते.

आवाजाची कारणे : पात्यांमुळे हवेत उठणारे भोवरे, धारव्यांतील घर्षण आणि पेटीच्या पत्र्याचे कंपन ही आवाजाची प्रमुख कारणे होत. पंख्याची गती दुप्पट केल्यास हवा दुप्पट मिळते. परंतु लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सु. १५ डेसिबेलने वाढतो. वरील उदाहरणात तोच पंखा अडीच पट गतीने फिरविल्यास आवाज सु. २० डेसिबेलने वाढेल. दर १० डेसिबेल वाढीस आवाज कानास साधारणपणे दुप्पट वाटतो. म्हणून ही वाढ चौपट भासेल.

आवाजाचा स्वरही महत्त्वाचा असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटास १,२०० फेरे घेत असल्यास १४० हर्ट्‌झ कंप्रतेचा मंद घुमारा उत्पन्न होतो. लहान व वेगवान पंख्याचा उच्च स्वर त्याहून अधिक टोचतो. दोन पंख्यांच्या गती जवळजवळ सारख्या असल्यास आवाजात लयबद्ध चढउतार जाणवतो. अशा वेळी त्यांच्या गतींत मुद्दाम थोडे अंतर ठेवतात.

निवड : पंख्यांचे ८०, ९२, १२० व १४० मिमी. हे आकार प्रचलित आहेत. एकाच घडणीचे पंखे घेतल्यास ८० मिमी. पंख्याइतकीच हवा १२० मिमी. पंखा एकतृतीयांशाहून कमी गतीत देतो व त्याचा आवाज सु. १४ डेसिबेलने कमी असतो. म्हणून पेटीत बसेल तो सर्वांत मोठा पंखा घेणे इष्ट ठरते. तसेच एका पंख्याऐवजी शेजारी शेजारी बसविलेले तसेच दोन पंखे निम्म्या गतीने चालविल्यास हवा तितकीच मिळून आवाज सु. १२ डेसिबेलने घटतो.

वेष्टनावर दिलेला हवेचा प्रवाह मोकळ्या हवेतील असतो, तर कमाल दाब प्रवाह पूर्ण अडविला असतानाचा असतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. गाळणी किंवा उष्णता-उत्सर्जक पंख यांसारख्या अडथळ्यांतून हवा ढकलावयाची असल्यास दाबाच्या, तर मोकळ्या मागील बाजूस बसविण्यासाठी प्रवाहाच्या आकड्यास महत्त्व द्यावे.

साध्या बाहीसारख्या धारव्याचा पंखा स्वस्त व नवेपणी शांत असतो. पण उष्णतेने त्यातील तेल आटते व तो कुरकुरू लागतो. गोळ्यांचा धारवा उष्णतेत अधिक टिकतो, मात्र त्याचा किंचित आवाज येत राहतो. तेलाच्या दाबयुक्त पटलावर फिरणारा धारवा शांत व टिकाऊ असून कोकणासारख्या प्रदेशात त्याची जादा किंमत देणे सहसा परवडते.

तीन तारांच्या पंख्याची गती व्होल्टता कमी करून, तर चार तारांच्या पंख्याची गती नियंत्रक स्पंदांच्या साहाय्याने बदलतात. दुसऱ्या पद्धतीत गती अधिक खालपर्यंत आणता येते. तापमानानुसार गती आपोआप बदलणारी योजना विशेष सोयीची असते : उन्हाळ्याच्या दुपारी संगणकाचा पंखा जोरात फिरला, तरी त्याचा आवाज छताच्या पंख्यात लपतो; हिवाळ्याच्या रात्री मात्र आजूबाजूस इतकी शांतता असते की, शहरात ऐकूही न येणारी घरघर अशा गावात अभ्यासास बसलेल्यास स्पष्ट जाणवते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या भारतीय नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे; खोलीतील संगणक त्याहून पुष्कळच शांत असावा, ही अपेक्षा रास्त होय.

मांडणी व निगा : पुढून किंवा खालून हवा आत घेऊन मागून वा वरून बाहेर सोडतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवल्यास फटींतून धूळ शिरत नाही. पत्र्याला लहान छिद्रे पाडून केलेल्या जाळीपेक्षा तारेच्या जाळीतून आवाज कमी होतो. रबरी खुंट्यांमुळे कंपन पत्र्यापर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात तांबड्या मातीची धूळ गाळणीवर बसून प्रवाह अडविते, म्हणून गाळणी वरचेवर झाडावी. पात्यांवरील धूळ काढताना पंखा हाताने धरून ठेवावा. पावसाळ्यात दीर्घकाळ बंद असलेल्या संगणकात दमट हवेमुळे गंज चढतो. त्यामुळे तो अधूनमधून चालू करणे हितावह असते. पाली व कीटक आत शिरू नयेत म्हणून रिकाम्या खाचा झाकून ठेवतात.