परदेशप्रवास आणि चलनाचा बट्टा

चाकणचे औद्योगिक क्षेत्र विस्तारत गेले, तसे खेड तालुक्यातील निघोजे गावाचे शिवारही कारखान्यांनी व्यापले. महिंद्रचा मोटारींचा कारखाना येथलाच. जर्मनीच्या फोक्सवागेन कंपनीचा कारखानाही याच पट्ट्यात २००९ मध्ये सुरू झाला. परकी भांडवल आणि यंत्रे आली की त्यांच्यामागून माणसांची ये-जा सुरू होते. प्रशिक्षणासाठी परदेशी निघालेला तरुण तंत्रज्ञ किंवा मुलीकडे निघालेले निवृत्त शिक्षक दांपत्य या भागात आता नवलाईचे राहिलेले नाही. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची चिकित्सा घरात महिनाभर चालते. रुपये देऊन परकी चलन घेण्याचे काम मात्र बहुधा अखेरच्या दिवशी, कित्येकदा विमानतळावरील खिडकीशी, घाईघाईने उरकले जाते. काटकसरीने साठविलेल्या पैशाचा लचका तेथेच तुटतो आणि तो तुटल्याचे ध्यानातही येत नाही.

हा व्यवहार मराठी माणसाला नवा आहे असे नव्हे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये चालत. एका प्रांताचा रुपया दुसऱ्या प्रांतात बदलताना सराफ जी रक्कम कापून घेई, तिला ‘बट्टा’ म्हणत. सराफ, पोतदार, नाणावटी ही आडनावे याच व्यवसायाची खूण आहेत. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स, हा वाद १९२६-२७ च्या सुमारास देशभर गाजला. विनिमय दराला त्या काळी मराठीत ‘हुंडणावळीचा दर’ म्हणत. शब्द मागे पडले, बट्टा मात्र राहिला. फरक इतकाच की, पूर्वीचा सराफ बट्टा बोलून दाखवी. आजची खिडकी तो दरातच मुरवून टाकते.

फलकावरील शून्य

‘कमिशन नाही’ असा फलक पाहून प्रवासी निर्धास्त होतो. परंतु चलनाला एक नव्हे, दोन किमती असतात, हे त्याने प्रथम समजून घेतले पाहिजे. विक्रेता ज्या दराने चलन विकतो तो चढा, ज्या दराने परत घेतो तो उतरता. या दोहोंतील अंतर हीच त्याची कमाई. समजा, बाजारातील मध्यदर एका युरोस १०० रुपये आहे. ‘कमिशन नाही’ म्हणणारी खिडकी युरो १०६ रुपयांस विकते आणि ९५ रुपयांस परत घेते. प्रवाशाने १,००० युरोंसाठी १,०६,००० रुपये मोजले, ८०० युरो खर्च केले आणि उरलेले २०० युरो परत देऊन १९,००० रुपये घेतले. त्याला निव्वळ ८७,००० रुपये पडले. हाती आले ते मध्यदराने ८०,००० रुपयांचे चलन. सात हजार रुपये गेले, आणि पावतीवर कमिशन शून्यच! याउलट दुसरा विक्रेता १०१ रुपये ५० पैसे दर आणि ३०० रुपये उघड आकार सांगतो. त्याच्याकडे तेच १,००० युरो १,०१,८०० रुपयांस, म्हणजे ४,२०० रुपये कमी देऊन मिळतात. उघड आकार पाहून बिचकणारा आणि छुप्या बट्ट्याला भुलणारा ग्राहक आपणहून महाग दुकान निवडतो.

यावर उपाय सोपा आहे. रिझर्व्ह बँकेने पूर्वी जाहीर केलेला आणि जुलै २०१८ पासून ‘एफबीआयएल’ ही संस्था जाहीर करीत असलेला संदर्भदर आधी पाहावा. मग दोन-तीन बँका वा परवानाधारक विनिमयदारांकडे एकच प्रश्न विचारावा: ‘इतके युरो हातात पडण्यासाठी, कर आणि आकार धरून, एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ त्या एका आकड्यापुढे फलकांची सारी भाषा फिकी पडते. विमानतळावरचे विक्रेते घाईचे मोल वसूल करतात. तेथे टॅक्सी-चहापुरते घ्यावे, अधिक नको. परत फिरताना नाणी बहुधा कोणी स्वीकारीत नाही. ती तिकडेच खर्च करावीत.

ओळखीच्या रुपयाचा मोह

नोटांऐवजी कार्ड वापरले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. परदेशातील दुकानातले यंत्र पुष्कळदा विचारते, ‘रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात?’ परक्या मुलखात रुपयाचे नाव दिसताच माणसाला आपुलकी वाटते आणि तो रुपयावर बोट ठेवतो. तेथेच तो फसतो. कारण मग दर त्याच्या बँकेचा लागत नाही, दुकानाशी करार केलेल्या कंपनीचा लागतो आणि तो सहसा महागच असतो. स्थानिक चलनच निवडावे. अर्थात आपली बँकही परकी व्यवहारावर टक्केवारीने आकार लावते. अनेक क्रेडिट कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो आणि त्यावर कर वेगळा. तो निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा. एटीएममध्ये प्रत्येक खेपेस ठरावीक आकार पडत असेल, तर चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढणे शहाणपणाचे.

स्वस्त दराचा आणखी एक मोह असतो, तो बेकायदा बाजाराचा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात अधिकृत चलन इतके तुटपुंजे मिळे की, कित्येकांचे पाय आडवाटेला वळत. तो कायदा गेला. जून २००० पासून नवा कायदा आला. आता निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशासाठी वापरता येते. मार्ग खुला असताना पावतीविना, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून नोटा घेणे म्हणजे चार पैशांसाठी खोट्या नोटा आणि कायद्याचा ससेमिरा पदरी घेणे होय.

मात्र सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्यायाचे नाही. युरोपीय संघाने सदस्य देशांच्या चलनांत होणाऱ्या कार्डव्यवहारांसाठी २०२० पासून नियम केला की, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्के अधिक घेतले जाते ते ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडेही नोटा बदलून देणाऱ्या प्रत्येक खिडकीवर खरेदी-विक्रीच्या दरांशेजारी संदर्भदर आणि त्यावरील टक्केवारी ठळक मराठीत लिहिलेली असावी. त्यासाठी ना मोठा खर्च, ना नवे खाते. शिक्षकांनीही शेकडेवारी शिकविताना नफा-तोट्याच्या उदाहरणांबरोबर फळ्यावर एक युरोचे उदाहरण घालावे. निघोजे-चाकणच्या शाळांतील उद्याचे तंत्रज्ञ परदेशी जाणारच आहेत. घामाचा रुपया सीमा ओलांडताना किती झिजतो, याचा हिशेब त्यांना करता आला पाहिजे. बट्टा घेणे हा सराफाचा धंदा आहे. तो किती, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.