मानेची खुंटी मोडली तर : पट्टा की शस्त्रक्रिया?

मान दुखावण्याचे प्रसंग आपल्या परभणीकडे काही नवे नाहीत. आंबे उतरवताना फांदी मोडते, मोंढ्यात पोत्यांची थप्पी अंगावर येते, मोटारसायकल खड्ड्यात जाते. म्हातारी माणसे तर नुसती ओट्यावरून घसरतात. “जराशी मान धरली” म्हणून चार दिवस शेक घेतात आणि मग क्ष-किरणांच्या फोटोत कळते की हाड मोडले आहे. इथून घरात वाद सुरू होतो. थोरला म्हणतो, मुंबईला नेऊ, ऑपरेशन करू. आजी म्हणते, मानेला सुरी लावू द्यायची नाही. दोघांचेही बोलणे मायेचेच. पण उत्तर दडलेले असते ते हाड नेमके कुठे मोडले यात.

मानेत मणके सात. त्यांतला पहिला म्हणजे नुसते कडे. त्यावर डोके टेकलेले. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटी वर निघून या कड्यात शिरते. आपले जाते डोळ्यांपुढे आणा. खालच्या तळीत मधोमध खीळ असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. तसे डोके या खुंटीभोवती फिरते. मान डावीउजवीकडे जेवढी वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळण या एका सांध्याचे. खुंटी मागे सरकू नये म्हणून तिच्या पाठीशी एक चिवट आडवा बंध असतो आणि त्याच्या मागून मज्जारज्जू खाली उतरतो.

कड्याच्या पोकळीत ढोबळमानाने एक तृतीयांश जागा खुंटीची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली मोकळी. ही मोकळी जागा माणसाला वाचवते, आणि फसवतेही. हाड मोडलेला मनुष्य आपल्या पायांनी दवाखान्यात येतो, म्हणून कुणाला खरे वाटत नाही. पण हाड आणखी सरकले आणि मज्जारज्जू दबला, तर हातपाय तर जातातच, श्वासही थांबू शकतो. म्हणून पडलेल्या माणसाला बसवू नका, मान ओढून बघू नका, चोळू नका. 108 क्रमांकाला फोन करा. हलवणे भागच असेल तर डोके आणि धड एका रेषेत धरून, चौघांनी मिळून फळीवर घ्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना घोंगडीच्या वळकट्या लावा.

आता पट्टा की शस्त्रक्रिया? डोक्यावर भार येऊन पहिल्या मणक्याचे कडे फुटते. हा मोड जेफर्सन या इंग्रज शल्यवैद्याने 1920 साली नीट वर्णिला. तुकडे बाहेरच्या बाजूला जातात, त्यामुळे आतली जागा उलट वाढते. आडवा बंध शाबूत असेल तर पुष्कळदा कडक पट्ट्यातच हे हाड जुळते. दुसऱ्या मणक्याच्या मागच्या कमानी मोडल्या आणि मणका फारसा सरकला नसला, तरी तेच.

खरी अडचण खुंटीची. ती बुडाशी, मणक्याच्या अंगात मोडली तर तिथले हाड जाळीदार, रक्त भरपूर. ते सहसा जुळून येते. मानेशी, म्हणजे खुंटी मणक्याला मिळते तिथे मोडली, तर हाड टणक आणि अरुंद, रक्त कमी. तुकडा सरकलेला असेल, वय जास्त असेल, तर जुळण्याची शाश्वती कमी होते. तंबाखू-विडीने हाड जुळायला आणखी उशीर लागतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

विनाशस्त्रक्रिया म्हणजे काहीच न करणे, असे समजू नका. पट्टा साधारण तीन महिने, रात्रंदिवस. आपल्या वैशाखात घामाने हनुवटीखाली जखमा होतात. त्या रोज पाहाव्या लागतात. दुसरे साधन म्हणजे कवटीला चार खिळ्यांनी बसवलेले कडे आणि ते धरून ठेवणारे जाकीट. पेरी आणि निकेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1959 साली ते मांडले, ते पोलिओने मान लुळी पडलेल्यांसाठी. तरुणाला ते सोसते. म्हाताऱ्याला गिळताना, श्वास घेताना त्रास होतो, म्हणून त्यांना ते शक्यतो देत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात तर आपल्या मुंबईचे नाव आहे. पूर्वी हे दोन मणके तारेने आवळीत. पकड सैल पडे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून दोन्ही मणक्यांत थेट स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्यास सुरुवात केली आणि डॉ. लाहेरी यांच्यासह 1994 साली ती पद्धत प्रसिद्ध केली. मुख्यतः निखळलेल्या सांध्यासाठी ती होती. मोडलेल्या खुंटीलाही ती लागू पडली. पुढे 2001 साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरली. आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखतात. जोखीम आहेच : मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी स्क्रूच्या अगदी शेजारून जाते, म्हणून आधी सी. टी. स्कॅन काढून तिची वाट पाहून ठेवतात. शिवाय मणके जोडले की मानेचे निम्मे वळण गेले. ट्रॅक्टरवर बसून मागचा नांगर बघायचा, तर धड वळवावे लागते. मोड ताजा असेल, आडवा बंध शाबूत असेल आणि मोडाची दिशा सोयीची असेल, तर समोरून एकच स्क्रू खुंटीत घालतात. मग वळण बरेचसे राहते.

सत्तरी-ऐंशीच्या माणसाबाबत तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. शस्त्रक्रियेने हाड जुळण्याची शक्यता वाढते, पण म्हातारपणी भूल आणि छातीचे आजार यांचा धोका असतो. कधी हाड जुळत नाही, पण मधे चिवट तंतू धरतात, मान स्थिर राहते, दुखत नाही. माझ्या मते, अंगणात फिरणाऱ्या आजोबांना तेवढे पुरे आहे. म्हणून डॉक्टरांना विचारावे : तुकडा किती सरकला? बंध शाबूत आहे का? पट्ट्याने जुळेल का, आणि नाही जुळले तर काय?

पट्टा मात्र आपल्या मनाने काढू नये. तीन महिन्यांनी मान हळूच पुढे-मागे झुकवून पुन्हा फोटो काढतात. खुंटी जागची हलली नाही, असे त्यात दिसले की डॉक्टर पट्टा सोडवतात आणि मग शेताची वाट मोकळी होते.