मिसिसिपीतील माता आणि बालवाड्या

लहान मुलांची शाळा म्हटली म्हणजे गाणी, रंगीत ठोकळे आणि दुपारचे जेवण एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. अशा शाळांमुळे एखाद्या राज्यातील सत्ताधारी अस्वस्थ व्हावेत, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६५ साली नेमके हेच घडले.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिवारणाच्या मोहिमेतून ‘हेड स्टार्ट’ ही योजना निघाली. गरिबांच्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच शिक्षण, सकस आहार व वैद्यकीय तपासणी मिळावी, हा तिचा हेतू. नागरी हक्कांच्या चळवळीत वावरलेल्या कार्यकर्त्यांनी तिच्या आधारे ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ ही संस्था उभारली. अशा अनुदानाबाबत राज्यपालाला नकाराधिकार होता. महाविद्यालयांना दिलेल्या अनुदानास मात्र तो लागू नव्हता. म्हणून पैसा मेरी होम्स ज्युनियर कॉलेजमार्फत आला. पहिल्याच उन्हाळ्यात ८४ केंद्रे उघडली आणि सुमारे सहा हजार मुले त्यांत येऊ लागली.

या केंद्रांतून शिकविणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया त्याच वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय माता होत्या. कोणी कापसाच्या शेतात दिवसाला तीन डॉलरांवर राबलेली, कोणी गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. मतदारयादीत नाव नोंदवू पाहणाऱ्या मजुराचे काम जाई, ही तेथील रीतच होती. आता वेतन थेट वॉशिंग्टनच्या पैशातून मिळू लागले आणि मळेवाल्याच्या हातातील हे शस्त्र बोथट झाले. विरोधाचे खरे कारण येथे आहे.

सिनेटर जॉन स्टेनिस यांनी हिशेबांतील त्रुटींवर बोट ठेवले. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, याविषयी दुमत नाही; काही आक्षेपांत तथ्यही होते. परंतु हिशेब सुधारता येतो. केंद्रे बंद पडली तर मुलांचे वर्ष परत येत नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत मुले व शिक्षिका वॉशिंग्टनला जाऊन थडकल्या आणि अनुदान पुन्हा मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते थांबवून नव्या संस्थेकडे वळविण्याचा निर्णय झाला. देशभर निषेध उठल्यावर काही अंशी ते परत देण्यात आले. पुढे थोड्याच वर्षांत मूळ संस्था लयास गेली.

तिचे कार्य मात्र वाया गेले नाही. तिच्यात काम केलेल्या युनिटा ब्लॅकवेल १९७६ साली मेयर्सव्हिल गावच्या नगराध्यक्षा झाल्या. त्या राज्यात हा मान मिळविणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. संस्थेची बाजू मांडणाऱ्या वकील मेरियन राइट एडेलमन यांनी १९७३ साली ‘चिल्ड्रन्स डिफेन्स फंड’ स्थापन केला. सरकारी बालवर्गांची तरतूद करणारा कायदा मिसिसिपीने केला तो १९८२ मध्ये. कापूस वेचणाऱ्या मातांना जे उमगले होते, ते विधिमंडळाला उमगण्यास आणखी सतरा वर्षे लागली.