काकूंचा कॉम्प्युटर सकाळी उठत का नाही?

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि ऑगस्टपासून पुढे दिवाळी अंक. गेल्या आठवड्यात सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. "अगं, तू कॉम्प्युटरमध्येच डॉक्टर होतेयस ना? मग खाली ये आणि याला तपास."

तर झालं असं. रात्री बाराला काकूंनी अंकाची फाईल उघडीच ठेवून मशीन स्लीपवर टाकलं होतं. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचा लोगो दिसला आणि स्क्रीन काळी. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा त्यांनी बटण दाबून धरून मशीन बंद केलं, आणि दोन्ही वेळा रात्रीच्या प्रूफाच्या दुरुस्त्या गेल्या. लेखकांनी लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या पुन्हा पहिल्यापासून. सोळा पानं दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती.

माझ्या पीएचडीचा विषय नेमका हाच आहे: ऑपरेटिंग सिस्टीम झोपते आणि उठते तेव्हा ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, यूएसबी वगैरे उपकरणं कोणत्या क्रमाने उठवायची. लोकांना वाटतं यात संशोधन करण्यासारखं काय आहे! म्हणून आज काकूंच्याच मशीनवरून सांगते.

आधी झोप म्हणजे काय ते बघू. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचा ठराव आणला, त्यात झोपेचे प्रकार ठरवलेले आहेत. आपल्या कामाचे दोन. एस-३ म्हणजे नेहमीची स्लीप: प्रोसेसर बंद, डिस्क बंद, फक्त रॅमला वीज चालू. एस-४ म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर लिहायचं आणि मशीन पूर्ण बंद.

रॅमला झोपेतही वीज का लागते? रॅममधला प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि तो सतत गळत असतो. गळक्या बादलीसारखा. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की खेळ खलास. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोलमडली, जवळजवळ सगळी मुंबई अंधारात गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाही दिवाळी अंकाचेच दिवस होते, काकूंचं मशीन एस-३ मध्ये होतं, आणि रात्रीचं काम गेलं. त्यानंतर मीच त्यांना सेटिंग करून दिलं होतं: तीन तास स्लीपमध्ये राहिलं की आपोआप हायबरनेट हो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे.

आता तपासणी. काळी स्क्रीन दिसली की पहिला प्रश्न एकच: सगळं मशीन अडकलंय की फक्त चित्र दिसत नाहीये? कॅप्स लॉक दाबायचं. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला, तर सिस्टीम जिवंत आहे, कारण तो दिवा ऑपरेटिंग सिस्टीम लावते. काकूंचा दिवा लागला. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली. याने विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. बीप वाजला, पण स्क्रीन काळीच. म्हणजे आत सगळं चालू होतं, फाईलही उघडीच होती, आपल्याला दिसत तेवढं नव्हतं.

काकूंच्या मशीनला पासवर्ड नाही (एरवी मी यावर ओरडते). म्हणून आंधळेपणानेच कंट्रोल-एस दाबलं. डिस्कचा दिवा फडफडला. मग विंडोज-आर दाबून रीस्टार्टची कमांड, तीही न बघता टाईप केली. मशीन वर आलं, फाईल उघडली, रात्रीच्या सगळ्या दुरुस्त्या जागेवर. काकूंनी तेव्हा कुठे चहा ठेवला.

पण दुखणं शिल्लकच होतं. मी मशीन स्लीपवर टाकलं, दहा मिनिटांनी उठवलं, ठणठणीत. पुन्हा टाकलं, पुन्हा ठणठणीत. असे बिघाड सगळ्यात छळतात. मग काकूंचं सकाळचं बोलणं आठवलं: "लोगो दिसला." एस-३ मधून उठताना लोगो दिसायला नको! लोगो दिसतो तो मशीन पूर्ण बंद असून नव्याने सुरू होतं तेव्हा. म्हणजे रात्रभरात ते स्लीपमधून हायबरनेटमध्ये गेलं होतं, मी लावलेल्या तीन तासांमुळे. माझी चाचणी दहा मिनिटांची, बिघाड तीन तासांनंतरचा. थेट हायबरनेट करून पाहिलं आणि दोन मिनिटांत काळी स्क्रीन समोर. रात्रभराचा बिघाड दोन मिनिटांचा झाला की अर्धं काम झालं समजा.

मग इतकी वर्षं कसं चाललं? महिन्यापूर्वी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला होता. हायबरनेटमधून उठताना ग्राफिक्स कार्ड कोरं असतं. ड्रायव्हरची स्मृती मात्र डिस्कवरून जशीच्या तशी परत येते. 'कार्ड मी ठेवलं तसंच आहे' असं त्याने धरलं तर चित्र येत नाही. त्याने सगळं पुन्हा मांडायला हवं. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर नेला आणि दहा वेळा हायबरनेट केलं. दहाही वेळा उठलं. शिवाय आता हायब्रिड स्लीप लावलीय: स्लीपला जातानाच प्रत डिस्कवर लिहायची आणि रॅमही चालू ठेवायची. वीज गेली तर प्रत आहे, नाही गेली तर झटकन उठतं. खरं तर हे २०२० मध्येच करायला हवं होतं.

आणि कॅप्स लॉकचा दिवाच लागला नसता तर? मग खरं अडकणं. तिथे स्क्रीन नाही, डिस्क नाही, चूक लिहून ठेवायची कुठे? लिनक्समध्ये यावर २००६ सालचा लिनस टॉरव्हाल्डसचा एक भन्नाट उपाय आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळाला स्वतःचा बटणसेल असतो. उठताना प्रत्येक टप्प्यावर कर्नल त्या टप्प्याची सांकेतिक खूण घड्याळात तारीख-वेळ म्हणून लिहितो. मशीन अडकलं की तीनेक मिनिटांच्या आत रीस्टार्ट करायचं, नाहीतर घड्याळ पुढे सरकून खूण बिघडते. मग कर्नल ती तारीख वाचून सांगतो, कोणत्या उपकरणापाशी गाडी थांबली. आमच्या लॅबमधल्या मशीनवर भलतीच तारीख दिसली की समजायचं, कोणीतरी झोपेवर काम करतंय.

काकूंची सोळा पानं दुसऱ्या दिवशी दुपारी छपाईला गेली. त्या अजूनही झोपायच्या आधी तीनदा कंट्रोल-एस दाबतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.