शिरूर-दौंडकडील दंगे व ‘पडद्यामागील मंडळ’

शिरूर व दौंड या तालुक्यांतील घरगुती दप्तरें उघडलीं कीं, कर्जखतें, हुकूमनामे व लिलावाच्या नोटिसा यांचे गठ्ठे हातीं लागतात. संग्राहकास ते बहुधा रुचत नाहींत. त्याची नजर एखादा गुप्त खलिता शोधीत असते. या भागांत १८७५ व १८७९ सालीं जें घडलें, त्यामागें पुण्यांतील कांहीं थोर मंडळींचें गुप्त मंडळ होतें, असें आम्हांस अजूनहि ऐकावयास मिळतें. हा समज मुळांत कोणाचा, व अस्सल कागद त्याविषयीं काय सांगतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडे येथील काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें सुमारें १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुख यांचें घर घेऊन तें पाडविलें. देशमुखांचे आप्त गांवोगांव होते. गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, गडी कोणीहि त्यांच्या दारीं जाईना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्यास दंगा उसळला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें व आजच्या दौंडचा मुलूखहि त्याच तालुक्यांत मोडे. दंगेखोरांची मागणी एकच, खतें द्या! खतें मुकाट्यानें मिळालीं तेथें सहसा कोणाच्या अंगास हात लागला नाहीं. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ इसम पकडले गेले.

येथें मौज अशी कीं, उभय पक्षांस अदृश्य सूत्रधार दिसूं लागला. सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेली. साऱ्याच्या वाढीविरुद्ध ती उघड अर्ज करी, म्हणून सरकारी वर्तुळांत तिच्याकडे संशयानें पाहिलें जाई. इकडे रयतेंत बोलवा होती कीं, सावकारानें नागविलेल्या एका इंग्रजानें राणीसरकारकडे दाद मागितली व खतें परत करविण्याचा हुकूम विलायतेहून सुटला आहे. दोन्हींस लेखी आधार कांहीं नव्हता. लेखी आधार होता तो निराळ्याच गोष्टींस. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत (१८६१–६५) कापसाचा भाव चढला व मग कोसळला. त्याच सुमारास फेरपाहणीनें आकार वाढला. आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत घालून नवें खत लिहिणें भाग पडूं लागलें. चौकशी कमिशनपुढें आलेलें इंदापुराकडील कळस गांवचें समापत्र तर गांवकऱ्यांनीं आपसांत केलेला लेखी करार होय. सावकाराची जमीन कसणाऱ्यास वा त्याची चाकरी करणाऱ्यास न्हावी मिळणार नाहीं, पंक्तीस बसतां येणार नाहीं, असें त्यांत साफ लिहिलें आहे. यांत गुप्त तें काय?

चार वर्षांनीं फेब्रुवारी १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांनीं शिरूर तालुक्यांतील धामारीवर पहिला दरोडा घातला. १३ मे रोजीं पुण्यांत बुधवार वाडा जळाला. ती आग पुढें दुसऱ्याच इसमावर शाबीत झाली. पण तोंवर मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचें मत बनून चुकलें होतें. चित्पावन वर्ग गेलेली सत्ता परत मिळविण्याची आस सोडणार नाहीं, अशा आशयाचें पत्र त्यांनीं जुलैमध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांस लिहिलें. न्यायमूर्ति रानडे यांची धुळ्यास बदली झाली. तेथें त्यांच्या नांवें फितुरीच्या मजकुराचीं पत्रें येत व तीं ते अधिकाऱ्यांकडे धाडीत, असें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. १९१८ च्या रौलट कमिटीच्या अहवालांतहि हीच चित्पावन-उपपत्ति पुनः डोकावते.

मीमांसक अनुपलब्धि हें प्रमाण मानतात. परंतु वस्तु असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणीं ती न दिसणें हेंच अभावाचें प्रमाण. फडक्यांनीं स्वहस्तें लिहिलेलें आत्मवृत्त सरकारच्या हातीं पडलें. तें परक्यास दाखविण्यासाठीं लिहिलेलें नव्हतें. पाठीशीं मंडळ असतें तर तें येथें दिसावयास हवें होतें. आढळतें तें उलट. शिकलेल्या व पैसेवाल्या लोकांनीं साह्य केलें नाहीं, म्हणून रामोश्यांकडे वळावें लागलें, आणि त्यांचेंहि लक्ष लुटीच्या वाटणीवर, ही त्यांची व्यथा. सत्ताधीशांच्या गुप्त मंडळाचा प्रमुख धामारीसारख्या गांवीं पैशासाठीं दरोडा कशास घालील?

कटकारस्थानें घडतच नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. १७७४ च्या सुमाराचें बारभाईंचें कारस्थान खरेंच होतें. पण त्याचीं पत्रें आहेत, माणसें नांवानिशीं ठाऊक आहेत. उलट ज्या कटास कागद नाहीं, त्याचे पुरस्कर्ते ‘कागद नाहीं हीच त्यांची चतुराई’ असें म्हणतात. १७९७ त आबे बार्रुएल या फ्रेंच धर्मगुरूनें फ्रान्सची राज्यक्रांति बव्हेरियांतील इल्युमिनाटी मंडळाच्या माथीं मारली. तें मंडळ १७८४-८५ तच बंदीनें मोडलें होतें. अशा उपपत्तीस खंडन बाधत नाहीं. रानडे नेमस्तपणें बोलले तर तें ढोंग, आणि पत्रें स्वतः पोंचविलीं तर ती सावधगिरी!

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, एकाच कुळाचीं तीन तीन वर्षांच्या अंतरानें लिहिलेलीं खतें मिळाल्यास ती जुडी फोडूं नये. १८७५ त खतेंच जाळलीं-फाडलीं गेल्यामुळें त्यापूर्वींचीं खतें या गांवांत विरळा. प्रत्येकावरील मुद्दल, व्याज, साक्षी व मुद्रांकाची तारीख टिपून घ्यावी, आणि पाठीवर भरण्याच्या नोंदी असल्यास त्याहि सोडूं नयेत.